पिवळे पान आणि दोन औंस माती

मार्च संपत आला की शाळेच्या व्हरांड्यातल्या कुंड्यांची रया जाते. हा अनुभव बहुतेक शिक्षकांना असेल. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे जास्वंदीच्या नऊ कुंड्या होत्या. परीक्षांच्या गडबडीत आठ-दहा दिवस तिकडे लक्ष गेले नाही, आणि पाहतो तो पाने पिवळी पडलेली. काहींच्या कडा करपलेल्या, काही झाडे भर दुपारी माना टाकून उभी. मग शिक्षकखोलीत उपायांना तोटा राहिला नाही. एका बाईंचे म्हणणे, पाणी कमी पडते. शिपाईमामांचे म्हणणे नेमके उलट, पाणी जास्त होते. एका सरांनी प्रत्येक कुंडीत युरिया टाकला, दुसऱ्यांनी घरून औषध आणून फवारले, आणि आम्ही सर्व कुंड्या उचलून सावलीत नेल्या. पंधरा दिवसांत चार झाडे मेली, तीन जगली, दोन होती तशीच राहिली. मेलेली कशाने मेली आणि जगलेली कशाने जगली, हे आम्हांला आजही सांगता येत नाही, कारण सगळे उपाय सगळ्या कुंड्यांवर एकाच आठवड्यात केले होते. विज्ञान शिकवणाऱ्या माणसांनी असे करावे याची लाज वाटली. त्या लाजेपोटीच पिवळ्या पानाचा इतिहास आम्ही वाचायला घेतला.

पान पिवळे पडते आणि त्याचा उन्हाशी काही संबंध आहे, ही गोष्ट माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय आहे. थंडी, वारा आणि ऊन यांनी झाडाला रोग होतो, असे तो सांगतो आणि लक्षणेही देतो: पाने फिकी पडणे, पालवी न वाढणे, फांद्या वाळणे, रस पाझरणे. निरीक्षण चोख आहे. पण फिक्या पानाकडे पाहून ते थंडीने फिकटले, वाऱ्याने की उन्हाने, हे ओळखायचे कसे? ही अडचण पुढची हजार वर्षे कोणालाच सोडवता आली नाही, युरोपातही नाही. ती सुटू लागली ती कुंडीमुळे. शेतात माती, पाऊस, कीड, वारा सगळे एकत्र असते. कुंडीत मात्र आत काय जाते आणि बाहेर काय येते याचा हिशोब ठेवता येतो.

असा हिशोब ठेवणाऱ्यांत फॉन हेल्मोंटचे नाव पाठ्यपुस्तकात येतेच. त्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती कुंडीत भरली आणि ५ पौंडांचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे पावसाचे किंवा तसेच शुद्ध पाणी घातले. धूळ पडू नये म्हणून भोके पाडलेले, कल्हई केलेले पत्र्याचे झाकण लावले. पाच वर्षांनी झाड भरले १६९ पौंड आणि सुमारे ३ औंस. माती पुन्हा वाळवून तोलली तर ती सुमारे दोन औंसांनी कमी झालेली. यावरून त्याने निष्कर्ष काढला, की झाड पाण्याचेच बनते. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली छापून आला.

हा निष्कर्ष का चुकला हे शिकवताना आपण हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडबद्दल बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण ते दोन औंस आपण सोडून देतो. हेल्मोंटनेही सोडले. तोलण्यातली चूक समजून त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. ते सगळेच झाडाने घेतले असतील असे नाही, तोलण्यातही थोडे इकडेतिकडे झाले असेल. तरी मातीतून जे काही झाडात गेले ते त्या दोन औंसांतच होते, आणि पिवळ्या पानाचे निम्मे रहस्यही तिथेच होते. १६९९ साली इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्डने पुदिन्याची रोपे पावसाच्या, झऱ्याच्या, नदीच्या आणि बागेतली माती कालवलेल्या पाण्यात वाढवून पाहिली. पाणी जितके गढूळ तितकी वाढ जास्त, हे त्याला दिसले. पण त्या गढूळपणात नेमके काय असते, ते सांगण्याइतके रसायनशास्त्र तेव्हा झालेले नव्हते.

तोलून पाहिलेला उन्हाळा

आता कुंडीतल्या उन्हाकडे येऊ. इथे आमचा आवडता माणूस म्हणजे स्टीफन हेल्स. तो टेडिंग्टन गावचा पाद्री. झाडांचे वजन करण्याचा त्याला अतोनात नाद होता. ३ जुलै १७२४ रोजी त्याने साडेतीन फूट उंचीचे सूर्यफुलाचे झाड असलेली कुंडी घेतली. तिच्या तोंडावर शिशाचा पातळ पत्रा बसवून सांधे लुकणाने बंद केले. हवेसाठी एक काचेची नळी, पाणी घालण्यासाठी दुसरी. आता कुंडीच्या तोंडातून वाफ जाण्यास वाव उरला नाही. जे जाईल ते पानांतून. ८ ऑगस्टपर्यंत निरनिराळ्या पंधरा दिवशी त्याने ही कुंडी सकाळ-संध्याकाळ तोलली.

आकडे असे आले. दिवसाच्या बारा तासांत झाड सरासरी १ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅम पाणी पानांतून सोडत होते. अत्यंत गरम, कोरड्या दिवशी हाच आकडा १ पौंड १४ औंसांवर, म्हणजे साधारण ८५० ग्रॅमवर गेला. गरम, कोरड्या रात्री मात्र जेमतेम ३ औंस. सारख्याच आकारमानाचा माणूस आणि सूर्यफूल धरले, तर सूर्यफूल माणसाच्या सतरा पट 'घाम' गाळते, असाही हिशोब त्याने मांडला. या माणसाची खरी ओळख मात्र पुढच्या कृतीत आहे. शेवटी त्याने झाड पत्र्याजवळ कापले, खुंट लुकणाने बंद केला आणि नुसती कुंडी पुन्हा तोलली. कच्च्या, सच्छिद्र मातीची ती कुंडीही दिवसाच्या बारा तासांत दोन औंस पाणी हवेत सोडत होती. तेवढे त्याने झाडाच्या खात्यातून वजा केले. १७२७ साली हे सारे पुस्तकरूपाने आले.

कुंडी स्वतःही घाम गाळते, ही गोष्ट आज जास्तच आठवण्यासारखी आहे. मातीची कुंडी ओल सोडते आणि माठासारखी थोडी गार राहते. प्लॅस्टिकची कुंडी ओल सोडत नाही. ती काळी असेल आणि कडेला ऊन लागत असेल, तर उन्हाकडच्या बाजूची माती ४० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जाते. तिथली कोवळी मुळे भाजून निघतात. मग माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकते. वरून पाहणाऱ्याला वाटते तहान लागली, म्हणून तो आणखी पाणी घालतो. गरम, चिकट ओल्या मातीत मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि पाने पिवळी पडू लागतात. आमच्या बाई आणि शिपाईमामा, दोघेही बरोबर असू शकत होते, वेगवेगळ्या कुंड्यांबाबत.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते. हेल्सच्या झाडातून वाफ होऊन गेले ते शुद्ध पाणी. त्या पाण्याबरोबर आलेले क्षार मात्र पानात आणि कुंडीत मागेच राहतात. रोज पाणी, रोज वाफ, आणि खाली भोकातून निचरा नाही, तर दोन महिन्यांत कुंडीच्या काठावर पांढरा पापुद्रा दिसू लागतो. पानात हे क्षार टोकाला आणि कडेला साठतात, म्हणून करपणे तिथून सुरू होते. अशा झाडाला मूठभर युरिया देणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणेच, इथे तर शब्दशः.

हिराकस लावलेले पान

फ्रान्समध्ये शातियों-स्यूर-सेन या गावी यूसेब ग्रिस हा रसायनशास्त्राचा अध्यापक होता. १८४३-४४ मध्ये त्याने फिकट, पिवळ्या पानांच्या झाडांवर लोहाच्या क्षारांचे प्रयोग केले. युरोपात त्या काळी तरुण मुलींना होणाऱ्या रक्तक्षयाला 'क्लोरोसिस' म्हणत आणि त्यावर लोहाचे औषध देत. पानाच्या फिकटपणालाही तेच नाव होते. ग्रिसने लोहाच्या क्षाराचे पाणी मुळांना दिलेच, शिवाय ते पानावर लावूनही पाहिले. जिथे द्रावण लागले तिथे पान हिरवे झाले. एकच पान, एकच ऊन, एकच पाणी, आणि फरक फक्त एका थेंबाचा. पिवळ्या पानाला इतका नेमका प्रश्न तोपर्यंत कोणी विचारला नव्हता.

यात एक गंमत आहे, ती विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसतेच. त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभी रिखार्ड विलस्टेटरच्या कामातून स्पष्ट झाले. लोह लागते ते हरितद्रव्य बनवण्याच्या कामाला. त्यामुळे लोह कमी पडले काय किंवा मॅग्नेशियम कमी पडले काय, चित्र एकच दिसते: शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी. मग ओळखायचे कसे? झाडाकडे वरपासून खालपर्यंत पाहायचे. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम ही द्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देऊ शकते. म्हणून ती कमी पडली की आधी खालची, जुनी पाने पिवळी पडतात. लोह किंवा कॅल्शियम एकदा पानात बसले की तिथून सहसा हलत नाही. म्हणून त्यांची टंचाई वरच्या कोवळ्या पानांत दिसते. पिवळेपणाच्या छटेपेक्षा तो झाडावर कुठे सुरू झाला, हे अधिक सांगून जाते. आमच्या शिक्षकखोलीत त्या दिवशी एवढे कोणी पाहिले असते, तरी निम्मा वाद मिटला असता.

१८६० च्या सुमारास जर्मनीत युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी मातीच काढून टाकली. मोजून क्षार विरघळवलेल्या पाण्यात रोपे वाढवायची, एकेक क्षार वगळायचा आणि पान काय म्हणते ते पाहायचे. या रीतीने झाडाला लागणाऱ्या मूलद्रव्यांची यादी दहापर्यंत गेली आणि पुढे बरीच वर्षे ती पुरी झाली असे मानले जात होते. प्रत्यक्षात ती अपुरी होती. याचे कारण म्हणजे त्या काळचे क्षार पुरेसे शुद्ध नव्हते. जस्त, तांबे, मँगनीज यांचे कण क्षारांतून, काचेतून, पाण्यातून नकळत झाडाला मिळत होते. रसायने शुद्ध होत गेली तशी झाडे 'विनाकारण' आजारी पडू लागली आणि यादी वाढली: मँगनीज १९२२, बोरॉन १९२३, जस्त १९२६, तांबे १९३१, मॉलिब्डेनम १९३९, क्लोरीन १९५४ आणि निकेल तर १९८७ मध्ये. बोरॉनचे काम रॉदमस्टेड येथे कॅथरीन वॉरिंग्टनने केले. हेल्मोंटचे दोन औंस असे कणाकणाने उलगडत होते.

अशुद्धपणाने केवढा घोळ घातला याची खरी कथा मात्र बागांतली आहे. कॅलिफोर्नियाच्या फळबागांत पाने बारीक, अरुंद आणि पिवळी पडून शेंड्याशी गुच्छासारखी गोळा होण्याचा रोग होता. चँडलर, होगलंड आणि हिबार्ड यांनी त्यावर हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, मातीत भरपूर घालून पाहिले. काही झाडे सुधारली. साहजिकच वाटले की लोहच कमी होते. पण दुसऱ्या ठिकाणचा हिराकस वापरला तर गुण येईना. जो हिराकस चालला तो तपासला, तेव्हा त्यात जस्ताची भेसळ निघाली. १९३१-३२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेत पिकन या कवचफळाच्या झाडांवर लोहाचे द्रावण वापरणाऱ्यांनाही असाच अनुभव आला. द्रावण जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीत कालवले तर झाडे सुधारत, नाहीतर नाही. औषध बादलीत होते!

उपाय लागू पडला म्हणजे निदान बरोबर होते, असे मानायची आपल्या सर्वांना सवय असते. वैद्यकातही आणि वर्गातही. कॅलिफोर्नियाच्या त्या तिघांनी तिथेच थांबून 'लोहाची कमतरता' असे लिहून टाकले असते, तर शुद्ध हिराकस विकत घेणाऱ्या शेतकऱ्याच्या बागा वाळल्या असत्या आणि दोष त्याच्याच माथी आला असता.

एक नाव, तीन रोग

दुसऱ्या महायुद्धात अन्नटंचाईच्या काळात इंग्लंडमधल्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्रातल्या थॉमस वॉलेसने पानांवरची लक्षणे पाहून अन्नद्रव्यांची कमतरता ओळखण्याचे रंगीत चित्रांचे पुस्तक तयार केले. ते १९४३ मध्ये निघाले. अशा तक्त्यांची पुढे परंपराच झाली. आज कृषी विभागाच्या भित्तिपत्रकांवर दिसतात ते तक्ते त्याच घराण्यातले. ते उपयोगी आहेत, आम्हीही वापरतो. पण तक्त्यातले पान हे फक्त एकच द्रव्य कमी केलेल्या, बाकी सर्व नीट असलेल्या झाडाचे असते. एप्रिलमधल्या कुंडीत असे सुटसुटीत दुखणे क्वचितच भेटते. तिथे ऊन असते, क्षार असतात, आणि कोरड्या उष्णतेत झपाट्याने वाढणारा लाल कोळीही असतो. हा कोळी पानाच्या खालच्या बाजूने रस शोषतो आणि पानावर बारीक फिकट ठिपके पडतात. लांबून पाहिले तर तेही 'पिवळे पान'च.

आपल्याकडच्या 'केवडा' या शब्दातच हा सगळा गोंधळ साठलेला आहे. उसाची पाने लोहाअभावी पिवळी-पांढरी पडली की शेतकरी म्हणतो केवडा पडला. बाजरीवर केवडा म्हणतात तो बुरशीसारख्या जीवामुळे होणारा रोग, ज्याला गोसावीही म्हणतात. आणि मूग-सोयाबीनवरचा केवडा हा पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या विषाणूचा. रंग केवड्याच्या पानासारखा, म्हणून नाव एक. कारणे तीन आणि उपाय तीन. बाजरीच्या केवड्यावर हिराकस फवारून काही होणार नाही.

नावामागचे कारण शोधून काढण्याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच देशातले आहे. हिमालयाच्या पायथ्याशी, तराईत, भाताची लावणी झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पानांवर गंजासारखे तांबूस ठिपके येत आणि रोपे खुरटत. काताच्या रंगावरून लोक त्याला 'खैरा' म्हणत. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. यशवंत लक्ष्मण नेने वनस्पतिरोगशास्त्र शिकवत. बुरशी, जिवाणू, विषाणू हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी ठिपक्यांत जंतू शोधावा हे स्वाभाविक होते. पण नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले ते वेगळेच. हा जंतूचा रोग नव्हे. भाताला जस्त कमी पडते आहे, आणि झिंक सल्फेटमध्ये चुना मिसळून फवारले की पीक सावरते. शेतातल्या भाताला जस्ताची कमतरता असते हे ओळखल्याची जगातली ही पहिली नोंद मानली जाते. पुढे झिंक सल्फेट उत्तर भारतात भातशेतीच्या नित्य सामानातले होऊन बसले.

याच नेने यांनी पुढे सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या संस्कृत ग्रंथाच्या ऑक्सफर्डमधल्या हस्तलिखिताची प्रत मिळवली, आणि डॉ. नलिनी साधले यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरपाल झाडांच्या विकारांचे वात, पित्त, कफ असे भाग करतो. पिवळी पाने आणि अकाली फळगळ ही पित्ताची लक्षणे, आणि हा विकार उन्हाळ्याच्या अखेरीस कडू, आंबट, खारट द्रव्यांच्या अतिरेकाने होतो, असे तो म्हणतो. कुंडीच्या काठावरचा पांढरा पापुद्रा डोळ्यांसमोर ठेवून हे वाचले, तर ज्याने लिहिले त्याने झाडे नीट पाहिली होती याबद्दल शंका उरत नाही. तरी यावरून 'आपल्याकडे सगळे आधीच माहीत होते' अशी उडी आम्ही मारणार नाही. पित्त हे नाव तीन केवड्यांना एकच नाव देण्यासारखे आहे. अर्धे पान रंगवून अर्धे तसेच ठेवण्याची युक्ती त्यात नाही.

ती युक्ती आम्ही पुढच्या मार्चमध्ये उरलेल्या पाच कुंड्यांवर करून पाहिली. नववीच्या मुलांनी रद्दीवाल्याकडून स्प्रिंगचा काटा मागून आणला. कुंड्यांच्या तोंडाला खोडाभोवती प्लॅस्टिकचा कागद बांधला आणि हेल्ससारखे सकाळ-संध्याकाळ वजन केले. एका कुंडीचे वजन दिवसभरात जवळजवळ उतरेचना, पण दुपारी झाड मलूल. कुंडी पालथी करून पाहिली तर भोक बुजलेले आणि मुळे काळी पडलेली. दुसरीच्या पानांखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली, तर कागदावर तांबडे ठिपके चालू लागले. ते कोळी होते. दोन कुंड्यांत वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या होत्या. कूपनलिकेचे जड पाणी घालण्याचा हा परिणाम असावा, अशी आमची शंका होती, कारण तशा पाण्याने मातीतले लोह मुळांना मिळेनासे होते. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि लिंबाचे थोडे थेंब घालून, कुंचल्याने प्रत्येक झाडाच्या तीन पानांचा फक्त डावा अर्धा भाग ओला केला. एका मुलीने सुचवले म्हणून आणखी तीन पानांना नुसते लिंबाचे पाणी लावले. ही सूचना आम्हांला सुचली नव्हती, हे कबूल केले पाहिजे. आठवड्याने हिराकस लावलेल्या अर्ध्या भागांवर हिरवे डाग उमटले होते. लिंबाची पाने जशीच्या तशी.

पाचवी कुंडी तेवढी राहिली. तिची खालची पाने पिवळी पडत होती. मुलांचे दोन तट पडले. काहींच्या मते नत्र कमी, काहींच्या मते मॅग्नेशियम. शिरांच्या मधला भागच पिवळा आहे की सबंध पान, यावर मधल्या सुट्टीभर वाद झाला. शेवटी हातभिंग मागवले गेले.